सहा वेळा होय

सुलक्षणाच्या हातात किल्ली होती आणि दाराला कुलूपच नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा शाळेचा पहिला दिवस. मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या मराठी शाळेत दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कडेला दहा बाय बाराची एक खोली होती. प्राथमिक विभागाला प्रयोगशाळा नसते, त्यामुळे तिला प्रयोगशाळा कुणी म्हणत नसे. मुलं म्हणायची 'कपाटाची खोली'. वर्ग सुरू व्हायच्या आधी खोली झाडून घ्यावी, म्हणून सुलक्षणा पेडणेकर अर्धा तास लवकर आली होती. पदर खोचून, हातात फडकं घेऊन.

तिने दार ढकललं. आत कपाट नव्हतं. टेबल नव्हतं, बाटल्या नव्हत्या, खिडकीतली मटकीला मोड आणायची बशीसुद्धा नव्हती. समोरच्या भिंतीवर हिरवंगार कापड ताणून बसवलं होतं, त्याच्यापुढे स्टँडवर एक गोल दिवा आणि फिरती खुर्ची. दाराच्या बाहेरच्या बाजूला लॅमिनेट केलेला कागद चिकटवला होता. 'डिजिटल विज्ञान कक्ष. प्राथमिक शिक्षकांच्या एकमताने साकार.'

'एकमताने' हा शब्द तिने तीनदा वाचला. प्राथमिकला शिक्षिका सहा. त्यातली एक ती स्वतः. मग हे मत दिलं कधी आणि कुणी? फडकं तिथेच टाकून ती ताडताड जिना उतरली.

ते कपाट म्हणजे काही वारशाने मिळालेली वस्तू नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा शाळेत विज्ञानाच्या नावाने एक फाटका तक्ता आणि एक मोडकं भिंग होतं. बाकीचं सगळं तिने आणि राजाराममामांनी उभं केलं. राजाराममामा शाळेचे शिपाई. वडील गिरणीत फिटर होते, त्यामुळे पोराच्या हातात पाना-पक्कड जन्मजातच आली म्हणायची. फुटक्या स्पीकरमधून चुंबक काढायचे, सायकलच्या तारेचा काटा करून तराजू करायचा, जुन्या टॉर्चचे बल्ब होल्डरसकट लाकडी पट्टीवर बसवायचे, हे सगळं मामा शाळा सुटल्यावर करत बसायचे. सुलक्षणा शेजारी बसून कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायची. दोघंही नाहूरला राहणारे, दोघांचंही मूळ गाव मालवणाकडे, त्यामुळे कपाटाच्या खोलीत मराठी कमी आणि मालवणी जास्त चालायची. एखादी जोडणी महिनाभर छळून शेवटी जमली आणि बल्ब पेटला की मामा जिन्यावरूनच ओरडायचे, "बाई, पेटलो!"

आणि मोबाइलवरचे विज्ञानाचे खेळ? ते मोफत खेळ तर तिनेच शाळेत आणले होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे लोकांनी तिला मोबाइलची दुश्मन ठरवून टाकलं. करोनात शाळा बंद पडली तेव्हा बाकीच्या जणी पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवत होत्या, आणि सुलक्षणा घरी बसून इंटरनेटवरचे फुकटचे विज्ञानाचे खेळ शोधत होती. अन्नसाखळी जुळवायचा खेळ. चंद्राच्या कला फिरवून बघायचा खेळ. पाण्यात वस्तू टाकून बुडते की तरंगते ते बघायचा खेळ. तारा ओढून दिवा पेटवायचा खेळ. सगळे इंग्रजीत. मग ती एकेका खेळासाठी मराठीत दोन-दोन मिनिटं बोलून ते ग्रुपवर पाठवायची. तीन भावंडांत एक फोन असलेल्या घरांतली पोरंसुद्धा रांग लावून खेळायची. जी पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती रात्री आईच्या फोनवरून 'बाई, घुबड उंदीर खातो, मग घुबडाला कोण खातो?' असं विचारायची. सुलक्षणाला तेव्हा फार आनंद झाला होता, आणि तो आनंद खोटा नव्हता.

शाळा उघडली तेव्हा तिने खेळ बंद केले नाहीत. वर्गात प्रोजेक्टर लावायची, खेळ दाखवायची आणि मग पाचवीच्या सगळ्यांना कपाटाच्या खोलीत घेऊन जायची. कारण तिला एक गोष्ट दिसली होती. खेळातलं संत्रं पाण्यात तरंगतं. पण ते सोलायची सोय खेळात नसते. सोललेलं संत्रं बादलीत टाकलं की ते सरळ तळाला जातं, आणि मग चाळीस पोरं एकदम "का?" म्हणून ओरडतात. खेळातली बॅटरी कधी उतरत नाही. खेळातली तार कधी गंजत नाही. खऱ्या तारेचं टोक ब्लेडने खरवडावं लागतं, सेल उलटा बसतो, बल्ब पेटत नाही, पोरगं रडकुंडीला येतं. तिच्या मते विज्ञानाचा तास तिथून सुरू व्हायचा.

मुख्याध्यापिका कुंदा टिपणीस पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि त्यांना तोवर कसलीही कटकट नको होती. सुलक्षणा आत घुसली तेव्हा त्या चहात बिस्किट बुडवत होत्या.

"बाई, कपाट कुठाय?"

"बस आधी. पाणी पी."

"मला पाणी नकोय. कपाट कुठाय?"

"भंगारात दिलं गं. मे महिन्यात. देवव्रत सरांनी खोली स्टुडिओसाठी घेतली. तुझेच व्हिडिओ काढणार आहेत, 'मोफत खेळांतून विज्ञान'. खूश व्हायचं सोडून..."

"भंगारात?" सुलक्षणाचा आवाज कार्यालयाबाहेर गेला. "कुणाला विचारून दिलं? एकमत म्हणे! कुणी दिलं मत? एकीने तरी त्या खोलीत कधी पाय ठेवलाय का?"

कुंदाबाईंनी बिस्किट खाली ठेवलं. संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ. मार्चमधली लिंक."

लिंक म्हणजे काय, हे ज्याच्या घरात शिक्षक आहे त्याला सांगायला नको. दर दोन दिवसांनी एक लिंक येते. कधी वरून येते, कधी संस्थेकडून. 'अत्यंत तातडीचे. आज दुपारी तीनपर्यंत भरणे.' शाळेत पाणी आहे का, होय. हात धुवायला साबण आहे का, होय. झाडं लावली का, होय. वाचायला कुणाला वेळ असतो? आणि या शाळेत तर आणखी सोय होती. बाकीच्या पाचही जणींना फॉर्म भरायचा कंटाळा, कुणाचा फोन अडकायचा, कुणाला पासवर्ड आठवायचा नाही. "सुलक्षणा, तुला येतं गं, आमचंही भरून टाक ना." पाचही जणींचे पासवर्ड सुलक्षणाच्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले होते. ती एका हाताने पोळीभाजी खायची आणि दुसऱ्या हाताने सहा जणींची शाळा आदर्श करून टाकायची.

पडद्यावर प्रश्न क्रमांक एकतीस होता. 'डिजिटल साधनांच्या प्रभावी वापरामुळे प्राथमिक स्तरावर विज्ञानाच्या प्रत्यक्ष साहित्याची आवश्यकता उरलेली नाही.' त्याखाली सहा नावं. सहा वेळा होय. वेळ एक वाजून बारा मिनिटांपासून एक वाजून सव्वीस मिनिटांपर्यंत.

सुलक्षणाला तो दिवस आठवला. डब्यात तोंडली होती. बेचाळीस प्रश्न होते आणि पहिल्या तिसांचं उत्तर होय होतं.

"मला वाटलं, तूच लिहिलंयस तर विचार करून लिहिलं असशील," कुंदाबाई म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं.

आता रागाला जायला जागाच उरली नाही. आतापर्यंत ती ज्याच्या नावाने बोटं मोडत होती, तो माणूस ती स्वतः निघाली. पण राग काही असा विझत नाही. उलट तो दुप्पट झाला आणि अंगातच फिरायला लागला.

दुपारी ती भंगारवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "मॅडम, वो तो उसी दिन कट गया." एका कोपऱ्यात तिला लाकडी पट्टीचा तुकडा दिसला, त्यावर तिच्याच अक्षरातली अर्धी चिठ्ठी. तो तुकडासुद्धा तिने उचलला नाही. काय करायचा होता नेऊन?

संस्थेचे चिटणीस देवव्रत सर वयाने पस्तिशीचे, संस्थापकांचे नातू. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो सगळ्याला हसून मान डोलवायचा.

"सुलक्षणा मॅडम, खोली परत देता येईल, का नाही येणार? पण मला कमिटीपुढे ठेवायला लेखी लागेल ना. आणि लेखी तर नेमकं उलटं आहे. सहाच्या सहा. शंभर टक्के."

"आणि लेखी दिलं की ते फॉर्म चुकीचे होते, तर?"

"चुकीचे म्हणजे?" त्याने कपाळावर बारीक आठी घातली. "म्हणजे खोटी माहिती? मग तो वेगळा विषय होतो, मॅडम. मग सहाही जणींना विचारावं लागेल. जाऊ द्या ना. जुलैत पाहुणे येतायत. एक कंपनी आपल्याला चाळीस टॅब देतेय, ते तुमच्यामुळे. तुम्ही झकास डेमो द्या."

स्टाफरूममध्ये शुभाने तिला कोपऱ्यात गाठलं. शुभा तिसरीची वर्गशिक्षिका, पंधरा वर्षांची मैत्रीण.

"तू काही लेखीबिखी देणार नाहीस ना?"

"का नाही देणार?"

"यार, सुलक्षणा, डोकं ठिकाणावर आहे का? आम्ही तुला पासवर्ड दिले हे बाहेर आलं तर आमची वाट लागेल. माझं वेतनश्रेणीचं प्रकरण अडकलंय. एका कपाटासाठी?"

"एका कपाटासाठी?" सुलक्षणाने तिच्याकडे असं पाहिलं की शुभा एक पाऊल मागे सरकली. "तुला बसून फॉर्म भरायला पंधरा मिनिटं नव्हती गं. माझी एकोणीस वर्षं गेली त्यात."

"मग तू तरी वाचायचंस ना," शुभा म्हणाली.

त्या रविवारी सुलक्षणाने दोनदा अर्ज लिहिला आणि दोनदा फाडला. 'मी न वाचता भरलं' या वाक्याशी आली की पेन थांबायचं. रोज वर्गात घसा फोडून काय सांगत होती ती? प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आता तेच स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, पाच जणींना खड्ड्यात ढकलायचं, आणि वर नोटीस घ्यायची. भित्री आहेस तू, ती आरशात बघून म्हणाली. मग वेणी घातली आणि सोमवारी शाळेत गेली.

या सगळ्यात सर्वांत वाईट होतं ते राजाराममामांचं वागणं. ते बोलायचे बंद झाले असते तर तिने भांडून बोलतं केलं असतं. पण ते बोलत होते. अगदी व्यवस्थित बोलत होते.

"मॅडम, या सूचनेवर आपली सही हवी आहे."

मॅडम! एकोणीस वर्षं 'बाई' म्हणणारा माणूस. 'काय ता सांगा' म्हणून पक्कड हातात घेऊन बसणारा माणूस आता तिच्याशी नोटीसबोर्डासारखं मराठी बोलत होता. तिने एकदा मुद्दाम मालवणीत विचारलं, "मामा, रागावलास काय?" त्यांनी वहीवरची तिची सही तपासली, म्हणाले, "नाही मॅडम," आणि पुढच्या वर्गाकडे गेले. दिवसातून चारदा ते तिच्या दारावरून जायचे आणि चारही वेळा तिला वाटायचं की हातातला खडू त्यांच्या पाठीवर भिरकावावा.

मुलांनीही विचारलं. पाचवीतली मुलं चौथीत असताना दोनदाच त्या खोलीत गेली होती आणि आता आपली पाळी म्हणून वाट बघत होती. "बाई, कपाट कुठे गेलं?" ती म्हणाली, "बघू." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "पुस्तक काढा." पुन्हा कुणी विचारलं नाही. पोरं काही मूर्ख नसतात. दारावरचा कागद त्यांना वाचता येत होता.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पाहुणे आले. सभागृहात मोठा पडदा, पुढच्या रांगेत कमिटी, कंपनीची माणसं आणि आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापक. मागे पालक. भिंतीला टेकून राजाराममामा उभे, हातात पाण्याचा ट्रे. व्यासपीठावर पाचवीतली दहा मुलं नवे टॅब घेऊन बसलेली. सुलक्षणाच्या हातात माइक.

डेमो झकास झाला, यात वाद नाही. मुलांनी अन्नसाखळी जुळवली, चंद्र फिरवला. शेवटी श्रुतिका पुढे आली. श्रुतिका शांत पोरगी, वडील रिक्षा चालवायचे. तिने बोटाने सेल ओढला, दोन तारा जोडल्या, मध्ये बटण बसवलं आणि पडद्यावरचा दिवा पिवळाधमक पेटला. टाळ्या पडल्या. देवव्रत सर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कंपनीच्या बाईंना बहुधा खरंच कौतुक वाटलं असावं. त्यांनी पुढे होऊन विचारलं, "छान! मग आता घरी टॉर्च उघडून बघशील का, आत असंच असतं का ते?"

"आमच्याकडे टॉर्च नाही," श्रुतिका म्हणाली. "मोबाइलचीच आहे."

"बरं, मग शाळेत कधी खरा बल्ब लावून पाहिलास?"

"शाळेत कपाट होतं. त्यात खरे होते. चौथीत लांबून बघितलेले. हात लावायची पाळी पाचवीत असते." तिने एकदा सुलक्षणाकडे पाहिलं, आणि खोटं बोलायचं कारण नसल्यासारखं सरळ सांगून टाकलं, "पण बाईंनी ते भंगारात द्यायला सांगितलं."

"का गं?"

"बाईंना ते नको होतं."

सभागृहात कुणीतरी हसलं. देवव्रत सरही हसले आणि म्हणाले, "मुलांचं काय, काहीही..." आणि माइकसाठी हात पुढे केला.

सुलक्षणाने माइक दिला नाही.

"ती काहीही बोलत नाहीये," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की स्पीकर किंचाळला. "दारावर तसंच लिहिलंय. एकमताने. ते एकमत माझं एकटीचं आहे. सहा फॉर्म मी भरलेत. माझा एक आणि बाकी पाच जणींचे, त्यांच्या पासवर्डने, जेवणाच्या सुट्टीत, चौदा मिनिटांत. एकही प्रश्न मी वाचलेला नव्हता. कपाट नको असं मी कधी म्हटलं नाही. म्हणणारही नाही. हे खेळ मी शाळेत आणले आणि उद्याही शिकवीन. पण या पोरीने आत्ता जो दिवा पेटवला तो न पेटण्याची सोयच त्यात नाही! न पेटलेला दिवा हिला कोण देणार?"

"मॅडम, आपण नंतर..." देवव्रत सर म्हणाले.

"नंतर नाही. मी न वाचता सही केली, माझी चूक, मला नोटीस द्या. पण तुम्ही ती खोली उघडून बघितलीत का? एकदा तरी? कपाट विकायच्या आधी त्याचं दार उघडलंत का? मी न वाचता भरलं आणि तुम्ही न बघता विकलंत. आणि आपण इथे बसून पोरांना निरीक्षण शिकवतोय!"

मग माइक बंद पडला, कुणीतरी बंद केला. ती तशीच बोलत राहिली असती, पण समोर श्रुतिका रडत होती. आपण काहीतरी भयंकर बोललो असं तिला वाटत होतं. सुलक्षणा तिच्याजवळ गेली, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तू बरोबर सांगितलंस." पण पोरगी काही थांबेना.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मंगळवारी कारणे दाखवा नोटीस आली. पाच जणींनाही आली. शुभाने डबा घेऊन दुसरं टेबल गाठलं. टॅब मिळाले, कारण टॅब आधीच ठरलेले होते. हिरवं कापड तसंच राहिलं. खोलीचा विषय 'विचाराधीन' आहे असं कुंदाबाईंनी सांगितलं, आणि गुरुवारी एक नवी लिंक आली. 'प्रत्यक्ष साहित्याची आवश्यकता आहे काय?' बेचाळीसच प्रश्न. सुलक्षणाने शाळा सुटल्यावर वर्गात बसून एकेक प्रश्न वाचला, फक्त स्वतःचा फॉर्म भरला. पाऊण तास लागला. बाहेर पाच जणी एकमेकींना पासवर्ड विचारत होत्या.

ती बाहेर आली तेव्हा राजाराममामा मजल्यावरच्या खिडक्या लावत होते. सभागृहातल्या त्या दिवसाला पाच दिवस झाले होते. पाच दिवस ती वाट बघत होती की हा माणूस आता तरी येईल, काहीतरी बोलेल. तो आला नव्हता.

"मामा, शनिवारी तुम्ही तिथे होतात."

"हो मॅडम."

"ऐकलंत ना मी काय म्हटलं ते?"

"ऐकलं."

"मग?" तिचा तोल गेला. "मग अजून मॅडम काय? सगळ्या गावासमोर नाक घासलं मी! आणि तुम्ही स्वतःला काय समजता? मी चुकले, पण तुम्ही कुठे होतात? माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहता तुम्ही. कपाट टेम्पोत चढेपर्यंत मला एक फोन करता आला नाही? एक फोन! मी चप्पल न घालता धावत आले असते!"

राजाराममामांनी खिडकीचा बोल्ट बसवला. मग वळले. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"टेम्पो दहा वाजता आला," ते म्हणाले. "दोन माणसं होती. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, बाई आल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही. क्लार्क ओरडला, मी हललो नाही. देवव्रत सरांचा फोन आला, तरी हललो नाही. नोकरी गेली तर गेली म्हटलं. मग क्लार्कने त्या फॉर्मचा छापील कागद आणून हातात दिला. पहिली पाच नावं वाचली. म्हटलं, या बायका कधी खोलीत आल्यात? यांच्या होयला मी काय किंमत देतो? तरी दारातून हललो नाही, मॅडम. मग सहावं नाव वाचलं."

सुलक्षणाने भिंतीला हात टेकला.

"फोन कशाला करायचा होता? तुम्ही लिहिलेलं मी कधी पुन्हा विचारलंय का? एकोणीस वर्षांत? मी बाजूला झालो. कपाट जड होतं, त्या दोघांना जिन्याच्या वळणावर पेलवेना. दार दोनदा भिंतीवर आपटलं, आत काचा फुटल्या. म्हणून मग एका बाजूने मीच धरलं आणि खाली नेलं."

त्यांनी शेवटची खिडकी लावली, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि मजल्यावरचे दिवे बंद करायला गेले.